९०० रुपये किलोचा दगड: लाइव्ह रॉक, लाइव्ह सँड आणि दोन दुकानं

आधी स्टार देऊन टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. मुरलेला लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्री माशांच्या टँकमध्ये घालायचा जीवाणूंनी भरलेला दगड, पाचपैकी साडेचार. पॅकेटातली ओली लाइव्ह सँड, म्हणजे तशीच जीवाणूवाली वाळू, अडीच, आणि त्यातला अर्धा तरी माझ्याच गाढवपणामुळे कमी झालाय असं धरा. नेरुळकडचं दुकान, पाच. ठाण्यातलं दुकान, ज्याचं नाव मी लिहिणार नाही, त्याला एक, तोही शून्य देता येत नाही म्हणून.

मी घोडबंदर रोडला राहतो, सातवा मजला, हॉलमध्ये ३ फुटी टँक आहे, ९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे काचेच्या मापाने १८२ लिटर. आधी सहा वर्षं गोड्या पाण्याचे मासे ठेवले, गप्पी, मॉली, मग एक ऑस्कर जो शेवटी एवढा वाढला की बायको म्हणाली आता याचं नाव रेशनकार्डावर घाल. तो एका मित्राच्या मोठ्या टँकमध्ये गेला, टँक रिकामा झाला आणि डोक्यात समुद्री माशांचं खूळ शिरलं. जो भेटेल तो एकच सांगायचा, की समुद्री टँकमध्ये खरा फिल्टर म्हणजे दगड आणि वाळू, बाकी मशिनं नंतर. मला हे काही झेपत नव्हतं. दगड कसा फिल्टर करणार, दगड तो दगड.

तर ठाण्यातल्या त्या दुकानात गेलो. लोखंडी रॅकवर ओळीने मांडलेले जांभळे दगड, वर पंखा गरगरतोय, खाली ९०० रुपये किलोची पाटी. मी विचारलं हे लाइव्ह आहेत ना, तर तो म्हणाला हो सर, फुल लाइव्ह, कलर बघा ना, आज टाका उद्या मासे सोडा. मी कलर बघितला. सहा किलो घेतले, ५,४०० रुपये, वर दोन डॅमसेल मासे, ‘हे मरतच नाहीत सर’ या गॅरंटीसकट.

चौथ्या दिवशी दोन्ही गेले. पहिल्याला मी बघत होतो. पंपाच्या तोंडाशी, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, तोंड वर करून उभा, कल्ले इतके जोरात उघडत-मिटत होते की आतला लालभडक रंग लांबून दिसायचा, आणि शेपटी हलवायची ताकदच उरली नव्हती, पंपाचं पाणी नेईल तसा जायचा आणि परत यायचा. रात्री साडेअकराला गेला. दुसरा सकाळी दगडामागे सापडला. टेस्ट किट मी त्यानंतर आणलं, म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणायला घेतली, आणि ट्यूबमधलं पाणी गडद हिरवं झालं, अमोनिया २ पीपीएमच्या वर. समुद्री पाण्याचा पीएच ८.१-८.२ च्या आसपास असतो आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त, त्यामुळे गोड्या पाण्यात मासा जेवढा सहन करतो तेवढा इथे करत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दुकानदाराला माहीत असायला हवं होतं.

मग मी तो जांभळा दगड बाहेर काढला आणि नखाने खरवडला. नखाखाली रंग आला. आत पांढराफेक दगड. आता रंगवलेला ड्राय रॉक, म्हणजे जीवाणू नसलेला कोरडा दगड, मिळतो, त्यात गैर काही नाही, बऱ्याच जणांना पांढरा दगड बघवत नाही म्हणून रंगीत घेतात, पण तो ड्राय रॉकच्या भावात आणि ड्राय रॉक म्हणून विका ना. पंख्याखाली कोरडा ठक्क ठेवलेला दगड लाइव्ह कसा असेल हा प्रश्न मला दुकानात पडायला हवा होता हेही मान्य. परत करायला गेलो तर ‘पाण्यात घातलेला माल परत होत नाही सर’. पाण्यात घालायचाच माल आहे ना तो! असो. ते सहा किलो सध्या बाल्कनीत तुळशीभोवती मांडलेत, आई म्हणते शोभा आली.

आता लाइव्ह रॉक म्हणजे काय ते माझ्या भाषेत. दगड जिवंत नसतो. तो मेलेल्या प्रवाळाचा जुना सांगाडा, कॅल्शियम कार्बोनेट, आतून जाळीदार, जुन्या पावासारखा छिद्रंच छिद्रं. जिवंत असतं ते त्याच्यावर आणि त्याच्या आत राहणारं. मासा खातो, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं सडतं त्याचाही अमोनिया. दगडाच्या वरच्या थरात, जिथे वाहतं पाणी आणि भरपूर ऑक्सिजन आहे, तिथे एका जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. इथपर्यंत कुठलाही स्पंज फिल्टर करतो, गोड्या पाण्यात आपण हेच करत होतो. गंमत त्याच्या पुढे आहे. दगडाच्या आत खोलवर पाणी हळूहळू झिरपतं आणि वरच्या जीवाणूंनी वाटेतच ऑक्सिजन संपवलेला असतो, मग आतले जीवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि उरतो नायट्रोजन वायू, जो पाण्यातून सरळ हवेत निघून जातो. म्हणजे एकाच दगडात वर एक कारखाना आणि तळघरात दुसरा. स्पंजला तळघर नसतं.

ही आयडिया काही आजची नाही. इंडोनेशियात जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये लिहिलं होतं की समुद्रातला दगड, समुद्राचं पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टँक चालतो. नंतर जर्मनीत त्याला प्रोटीन स्किमर, म्हणजे फेस करून पाण्यातली घाण काढणारं मशीन, जोडला आणि ती बर्लिन पद्धत म्हणून जगभर पसरली, तिकडे मोनॅकोत जाँ जोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची पोकळी ठेवायची पद्धत काढली. मी केलंय ते बर्लिनच, स्किमर अधिक दगड अधिक पातळ वाळू, खाली छोटा सम्प, म्हणजे मशिनं ठेवायची वेगळी टाकी.

हे सगळं मला समजावलं ते नेरुळच्या काकांनी. कोणीतरी पत्ता दिला म्हणून एका शनिवारी ट्रान्स हार्बरने गेलो. दुकान म्हणजे दुकान वाटतच नाही, शटर अर्धं खाली, आत काळोख आणि मागच्या बाजूला निळ्या प्लास्टिकच्या मोठ्या टाक्या, त्यांत पंप घुरघुरतायत. मी म्हटलं लाइव्ह रॉक हवाय. काकांनी पहिला प्रश्न विचारला, ‘टँकमध्ये पाणी किती दिवसांचं आहे?’ भाव नाही, किती किलो नाही, पाणी किती दिवसांचं. मी सगळी हकीकत सांगितली. ते हसले नाहीत, त्यासाठीच त्यांना अर्धा स्टार. मग हात कोपरापर्यंत टाकीत घालून एक दगड वर काढला, माझ्या नाकाखाली धरला आणि म्हणाले वास घे.

मी घेतला. ओहोटीच्या वेळी खडकांत जो वास येतो तो, खारट, थोडा शेवाळी, घाण अजिबात नाही. ‘हा जिवंत दगडाचा वास. सडक्या अंड्याचा किंवा मेलेल्या कोलंबीचा आला की समजायचं आत काहीतरी मेलंय, घ्यायचा नाही, आणि वासच आला नाही तर तो दगड नुसता दगड आहे.’ दगडावर जांभळे-गुलाबी चट्टे होते, पण हे नखाने निघेनात, कारण ते कोरलाइन शेवाळ, दगडाला दगडासारखंच चिकटतं. एका फटीतून पांढरा बारीक किडा अर्धा बाहेर आला आणि उजेड बघून सुळकन आत गेला. रंगवलेल्या दगडात हा कुठून आणणार.

मग मी विचारलं, समुद्रातून आणता का हो? काका एकदम सावध झाले. म्हणाले हा दगड समुद्रातून आलेला नाही, ड्राय रॉकच आहे, माझ्या टाकीत १४ महिने मुरलाय. आणि मग जे बोलले ते इथे नीट लिहितो कारण यात लोक फसतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सगळी कठीण प्रवाळं घातली, म्हणजे कायद्याने वाघाच्या पंगतीत. कोणी हळू आवाजात ‘साउथचा ओरिजिनल रॉक आहे, मन्नारच्या आखातातला’ म्हणाला तर तिथून निघायचं. आपल्या हाजीअली-वरळीच्या खडकांवरची प्रवाळंसुद्धा कोस्टल रोडच्या वेळी, २०२० मध्ये, रीतसर परवानगी घेऊन उचलून दुसरीकडे लावावी लागली होती, तिथे आपण पिशवीत घालून आणायच्या गोष्टी करायच्या नाहीत. माझा एक मित्र तर म्हणाला होता एवढे पैसे कशाला घालवतोस, ऐरोलीच्या खाडीतून वाळू आण. खाडीत वाळू कुठंय रे बाबा, गुडघाभर चिखल आहे, आणि वर ते फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आलंय. आत गेलास तर मासे मी बघेन, तुला कोण बघणार.

काकांचा सल्ला, ज्याने माझे पैसे वाचले, तो हा. सगळा दगड मुरलेला घेऊ नको. दह्याला जेवढं विरजण लागतं तेवढाच घे, बाकी कोरडा. ढोबळ हिशोब असा की ८ ते १० लिटर पाण्याला एक किलो दगड, म्हणजे माझ्या टँकला १८ ते २३ किलो, पण दगड हलका आणि जाळीदार असेल तर कमी पुरतो, वजन महत्त्वाचं नाही, आतली छिद्रं महत्त्वाची. मी १६ किलोवर थांबलो. १२ किलो ड्राय रॉक ३५० ने, ४,२०० झाले, आणि ४ किलो मुरलेला ९०० ने, ३,६००. एकूण ७,८००. सगळा मुरलेला घेतला असता तर १४,४००. हा काकांकडचा मला लागलेला भाव आहे, तुम्हाला वेगळा लागेल.

ड्राय रॉक आधी तीन आठवडे आमच्या बाल्कनीत ड्रममध्ये मिठाच्या पाण्यात पंप लावून ठेवला, कारण त्याच्या छिद्रांत जुनी मेलेली घाण आणि फॉस्फेट असतं ते सुटून जावं, नाहीतर नंतर शेवाळ मागे लागतं. मधे दोनदा पाणी बदललं. पहिल्या आठवड्यात वास आला. शेजारच्या वहिनींनी आईला विचारलं सुकट वाळत घातलीय का, आणि आई खोटं बोलत नाही, ‘दगड भिजत घातलेत’ म्हणाली. त्यानंतर वहिनी महिनाभर माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायच्या.

मग विरजण आणायला गेलो. काकांनी चार किलोचे पाच तुकडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळले आणि थर्माकोलच्या खोक्यात भरले. पाण्यात बुडवून न्यायची गरज नाही, तासाभराचा प्रवास असेल तर ओलावा पुरतो, पाणी सांडत नाही आणि वजनही वाढत नाही. नेरुळहून ठाणे लोकल, खोकं मांडीवर. जुईनगर सुटलं आणि वास फिरायला लागला. समोरच्या सीटवर मासळीची रिकामी टोपली घेतलेल्या मावशी होत्या, त्यांनी दोनदा नाक वर केलं आणि विचारलं, ‘काय न्हेतोस, बोंबील?’ म्हटलं नाही मावशी, दगड. त्यांनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि घणसोलीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

घरी आलो तर आईने कागद उघडला आणि नेहमीच्या सवयीने म्हणाली, अरे हे असं घाण कशाला टाकतोस माशांत, दे इकडे, उकळत्या पाण्यातून काढते. आणि खरंच गॅसवर पातेलं ठेवलं. इथे मला काकांची आठवण झाली, कारण त्यांनी खोकं देताना दोन वेळा बजावलं होतं. लाइव्ह रॉक कधीही, कधीही उकळायचा नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये पण घालायचा नाही. आतले जीवाणू मरतील हे तर झालंच, पण दगडावर झोअँथिड नावाचे बारीक फुलांसारखे प्राणी असले तर त्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं, ते फार जहाल विष, आणि उकळताना वाफेबरोबर ते हवेत येतं. परदेशात अशाने घरच्या घर हॉस्पिटलात गेल्याच्या घटना आहेत. माझ्या पाच तुकड्यांपैकी एकावर तसे सात-आठ हिरवे ठिपके होतेच. गॅस बंद केला. हाताळतानाही ग्लोव्ह्ज घालायचे, हाताला कापलेलं असेल तर नक्कीच. आता आमच्या घरात ‘माशांचे दगड गॅसवर नाही’ हा नियम ‘दूध उतू गेलं तर कोण पुसणार’ या नियमाएवढाच पक्का आहे.

वाळूचं सांगतो, आणि इथे माझी चूक. ९ किलोचं ओल्या लाइव्ह सँडचं पॅकेट घेतलं, ४,२०० रुपये, अ‍ॅरागोनाइटची (हेही कॅल्शियम कार्बोनेटच) दाणेदार वाळू, आत थोडं पाणी आणि पाण्यात जीवाणू. शिवाय ६ किलो कोरडी अ‍ॅरागोनाइट, १६० ने. दोन्ही मिळून १५ किलो, माझ्या तळाला साधारण अडीच सेंटिमीटरचा थर. आता कोरडी वाळू धुवायचीच असते, नाहीतर टँक ताकासारखा होतो, पण ओल्या पॅकेटवर धुवू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मी बादली घेऊन बसलो ते दोन्ही एकत्र करून तांदूळ धुतात तसं नळाखाली चार पाण्यांनी धुतलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते टाकतातच जीवाणू मारायला. म्हणजे ४,२०० रुपयांचे जीवाणू मी मोरीत सोडले. बायकोने पॅकेट वाचून दाखवलं तेव्हा तिसरं पाणी चालू होतं. चौथं तरी कशाला केलं ते मला आजही सांगता येत नाही.

पण चूक बाजूला ठेवून माझं मत असं की चांगला मुरलेला दगड हाताशी असेल तर ओलं पॅकेट घेऊ नका. कोरडी वाळू घ्या, ती दगडाच्या शेजारी राहून दोन-तीन महिन्यांत आपोआप जिवंत होते. आणि काकांच्या टाकीच्या तळाची मूठभर वाळू मागितली तर ते आढेवेढे घेतात पण देतात. मी नंतर श्रीखंडाच्या डब्यातून आणली. त्या डबाभर वाळूत इवलेसे पांढरे कोपेपॉड, म्हणजे कोलंबीच्या नात्यातले बारीक जीव, टुणटुणत होते, पॅकेटात ते कुठून असणार.

जाड थराचं पण विचारतात बरेच जण. वाळूतून नायट्रेट काढायचं असेल तर थर १० सेंटिमीटर तरी लागतो. माझ्या तळाचा हिशोब केला तर ४० लिटर वाळू, ६० किलोच्या आसपास वजन. सातव्या मजल्यावर आधीच पाणी, दगड, काच, कपाट मिळून पाव टन होतंय, त्यात हे नको. आणि मधलाच ५-७ सेंटिमीटरचा थर बहुतेक जण टाळा म्हणतात, धड पातळ नाही की धड जाड नाही, घाण अडकते आणि आतला कारखाना पूर्ण चालत पण नाही. पातळ ठेवा किंवा पूर्ण जाड.

दगड रचताना काकांची दोन वाक्यं लक्षात ठेवली. दगड आधी काचेवर आणि वाळू नंतर, कारण वाळूवर दगड ठेवला आणि एखाद्या माशाने खाली उकरलं की अख्खा डोंगर समोरच्या काचेवर येतो. मी काचेवर प्लास्टिकची जाळी टाकली, वर दगड, मग वाळू. दुसरं, भिंतीसारखं रचू नको, गणपतीच्या डेकोरेशनचा डोंगर कर, मधून पाणी आरपार जायला पाहिजे. दगडाच्या मागे पाणी थांबलं तर तिथे जीवाणू नाही, घाण साठते. एक वेव्हमेकर, म्हणजे पाणी ढवळणारा पंप, डावीकडून, एक उजवीकडून.

यावेळी मासे नाहीत. रिकाम्या टँकमध्ये जीवाणूंना खाणं म्हणून अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत नेला आणि रोज रात्री जेवण झाल्यावर टेस्ट. हे जीवाणू दह्याच्या जीवाणूंसारखे पटापट वाढत नाहीत, एकाचे दोन व्हायला त्यांना साधारण अर्धा ते एक दिवस लागतो, त्यामुळे कितीही घाई केली तरी काही होत नाही. चौथ्या दिवशी अमोनिया पहिल्यांदा खाली आला. सातव्या दिवशी नायट्राइटची ट्यूब जांभळी. मला धडकी भरली, पण खाऱ्या पाण्यात नायट्राइट माशांना गोड्या पाण्याएवढं घातक नसतं, पाण्यातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. सोळाव्या दिवशी पुन्हा २ पीपीएम अमोनिया घातला आणि चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्या रात्री मी बायकोला उठवून अमोनियाची ट्यूब दाखवली. ती म्हणाली पिवळी आहे. म्हटलं पिवळी म्हणजे शून्य. ती झोपली. रंगवलेल्या दगडांच्या वेळी पाच आठवडे झाले तरी अमोनिया हलायला तयार नव्हता, म्हणून म्हणतो चार किलो विरजणाचे ३,६०० रुपये वसूल.

लगेच सगळं छान झालं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर चहाची पूड सांडल्यासारखा तपकिरी थर, डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ, तो तीन आठवड्यांनी गेला. मग दगडांवर हिरवे केस. त्यासाठी टर्बो गोगलगायी आणल्या, आणि वाळू हलती ठेवायला नॅसॅरियस गोगलगायी, ज्या दिवसभर वाळूत गाडलेल्या असतात आणि खाण्याचा वास आला की सोंड वर काढून झोंबींसारख्या बाहेर येतात, भाचा खास तेवढं बघायला येतो. आणि एक ऐप्टेशिया नावाचा उपद्रवी प्राणी निघाला, तपकिरी पारदर्शक फुलासारखा, दिसायला सुंदर, पण चिमटीने तोडला तर एकाचे पाच होतात. पेपरमिंट श्रिंप नावाच्या कोलंबीने खाल्ला. हा अर्धा स्टार कमी केलाय तो याचाच, मुरलेल्या दगडाबरोबर काय पाहुणा येईल सांगता येत नाही. ज्यांना पाहुणे अजिबात नकोत त्यांनी पूर्ण ड्राय रॉक आणि बाटलीतले जीवाणू घ्यावेत आणि दोन महिने मासे न सोडता थांबायची तयारी ठेवावी.

पहिल्या दुकानात अजून एक थाप ऐकली होती, ती बऱ्याच ठिकाणी ऐकू येते, की दगड आणि वाळू टाकली की पीएच आणि कॅल्शियम बघायलाच नको, ऑटोमॅटिक मेंटेन होतं. होत नाही. अ‍ॅरागोनाइट विरघळायला पीएच टँकच्या नेहमीच्या पातळीपेक्षा बराच खाली जावा लागतो, आणि तो तिथे गेला तर तुमचे मासे आधी तक्रार करतील. उलट जीवाणू अमोनिया पचवताना अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देणारी पाण्याची ताकद, खातात. माझी दर आठवड्याला टेस्ट असते, ८ डीकेएचच्या (अल्कलिनिटीचं माप) आसपास ठेवतो, आणि पाणी बदललं की ती आपसूक सावरते. आणि नायट्रेट माझ्याकडे शून्य कधीच झालं नाही, १० ते १५ मध्ये असतं, माशांना चालतं.

मेमध्ये पाणी ३०.५ डिग्रीला गेलं होतं, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, त्यात जूनच्या पहिल्या पावसात रात्री लाइट गेली ती सहा तास आली नाही. तेव्हा कळलं की लाइव्ह रॉक खरंच लाइव्ह असतो, म्हणजे पाणी थांबलं की दगडातले सगळे जीव आपला ऑक्सिजन संपवायला लागतात आणि मासे त्याच पाण्यात. बॅटरीवर चालणारा एअर पंप काकांनी आग्रहाने गळ्यात मारला होता, ६०० रुपयांचा, तेव्हा वाटलं उगाच बिल वाढवतायत. रात्रभर तो बुडबुडत होता आणि मी हातात टॉर्च घेऊन स्टुलावर. सकाळी दोन क्लाउन मासे, फायरफिश सगळे जागेवर. अमोनिया ०.२५ दाखवला, दुसऱ्या दिवशी शून्य.

आता दीड वर्ष झालंय. ड्राय रॉक कुठला आणि विरजणाचा कुठला ते ओळखू येत नाही, सगळ्यांवर जांभळे चट्टे चढलेत. खाली एका कोपऱ्यात वाळूत काचेलगत काळा डाग आहे, तो मी हलवत नाही, उकरला की सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आहे तिथे बरा आहे.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. खारघरच्या एका मुलाचा नवीन टँक आहे, त्यांच्याकडचा मुरलेला माल संपलाय, तुझ्याकडचा एखाद किलोचा तुकडा देशील का. दिला. फुकट, काकांनीच बजावलं होतं की विरजणाचे पैसे घ्यायचे नसतात, म्हटलं मग माझ्याकडून ९०० ने का घेतले, तर म्हणाले मी दुकानदार आहे, तू नाहीस. ठाणे-नवी मुंबईत अजून कोणाला हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, दोन तुकडे निघतील. येताना ओलं वर्तमानपत्र आणि झाकणाचा डबा आणा, आमचा श्रीखंडाचा डबा त्या मुलाने अजून परत केलेला नाही.